आजोबांना पिळू नका

छापलेले शर्ट विकणारी दुकानं गल्लोगल्ली आहेत. पण विकलेला शर्ट धुवायचा कसा, हे गिऱ्हाइकाकडून पाठ करून घेणारा दुकानदार मी एकटाच, हे मी छातीठोकपणे सांगतो. आमच्याकडे मशीन बायको चालवते आणि तोंड मी चालवतो. ती शर्ट ताणून बसवते, त्यावर चित्र ठेवते, तापलेलं झाकण दाबते, मशीन टिटवीसारखं ओरडलं की उघडते आणि शर्ट माझ्याकडे टाकते. पुढचं खातं माझं. मी घडी घालतो, पिशवीत भरतो, पिशवी गिऱ्हाइकाच्या हातात देतो, पण तिचा एक बंद स्वतःच्या हातात घट्ट धरून ठेवतो.

"कसा धुणार?" मी विचारतो.

"धुऊ की घरी."

या उत्तरावर पिशवी सुटत नाही. मग मी सगळं सांगतो. पाणी कोणतं, बाजू कोणती, वाळवायचा कुठे, इस्त्री कशी. आणि म्हणतो, "आता म्हणून दाखवा." माणसं लाजतात, चिडतात, घड्याळाकडे बघतात. एकदा बँकेतले एक साहेब म्हणाले, "अहो, मी मॅनेजर आहे." मी म्हटलं, "असाल हो, पण पाणी कोणतं?" साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "थंड."

"तुम्ही शर्ट विकताय की मूल दत्तक देताय?" बायको विचारते.

तिला बोलायला काय जातं? तक्रारी ऐकायला काउंटरवर मी असतो. सकाळी फिरायला जाणाऱ्या एका मंडळाने आमच्याकडून पाठीवर 'आम्ही थांबणार नाही' असं छापून घेतलं होतं. मंडळातल्या कोणीतरी सगळ्यांचे शर्ट गोळा करून उकळत्या पाण्यात टाकले. पुढचं 'आम्ही' गेलं, मागचं 'णार नाही' गेलं आणि मंडळ पाठीवर नुसतं 'थांब' घेऊन फिरायला लागलं. मागून येणारी माणसं खरोखर थांबायची. मंडळाचे अध्यक्ष बरेच दिवस माझ्या दुकानासमोर यायचे, आतल्या बाजूला पाठ करून उभे राहायचे आणि एक शब्दही न बोलता निघून जायचे. तेव्हापासून माझ्या मनाने धसका घेतला. शर्ट दुकानाबाहेर पडला की मला तो कुठल्यातरी बादलीत तडफडताना दिसायला लागतो.

तर अशा मनःस्थितीत मी असताना ती सूनबाई आली.

तिला मी सूनबाई म्हणतो, कारण ती आली तीच सासऱ्यांचा फोटो घेऊन. सासरे पंचाहत्तर वर्षांचे होणार होते. घरातले सगळे, पोरं, सून, अगदी त्यांचा स्वतःचा मुलगासुद्धा, त्यांना आजोबाच म्हणत. रविवारी आजोबा फिरून घरी परततील तेव्हा दारामागे सगळं गणगोत उभं असेल आणि प्रत्येकाच्या छातीवर आजोबांचा चेहरा असेल, असा बेत होता. आजोबांना अर्थातच यातलं काही कळता कामा नये.

फोटो मी पाहिला. आजोबा एका विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासायचे. आयुष्यभर जळालेली गोदामं आणि चेपलेल्या मोटारी बघून 'हे खरंच कसं झालं?' असं विचारण्यात त्यांची नोकरी गेली, त्यामुळे अपघात नावाच्या गोष्टीवर त्यांचा मुळात विश्वासच नव्हता. फोटोतसुद्धा ते कॅमेऱ्याकडे असे बघत होते, जणू कॅमेऱ्यानेच काहीतरी लपवलंय.

"जरा हसरा नाही का?" मी विचारलं.

"हा हसराच आहे," सूनबाई म्हणाली.

मी आधी एकच नमुन्याचा शर्ट छापून दिला आणि अट घातली, की तो घरी धुऊन बघायचा. तो नीट राहिला तरच बाकीचे देणार. नेमकं त्या दिवशी दुकानात गर्दी होती आणि पाठांतर राहून गेलं. पिशवी तिच्या हातात, एक बंद माझ्या हातात, आणि मागे रांग. शेवटी मीच म्हटलं, "घरी जाऊन फोन करा. सांगितल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही."

तिने शब्द पाळला. दुपारी फोन आला. "बोला, लिहून घेते," ती म्हणाली.

"लिहायचं नाही. कागद हरवतात. मी सांगतो, तुम्ही माझ्यामागून मोठ्याने म्हणा. पहिला एक दिवस पाणी दाखवायचं नाही."

"आजोबांना पहिला एक दिवस पाणी दाखवायचं नाही," ती म्हणाली. चांगला खणखणीत आवाज होता.

"मग उलटं करायचं. चेहरा आत."

"आजोबांना उलटं करायचं."

"पाणी थंड. गरम असलं तर चेहऱ्याचे पापुद्रे निघतात."

"गरम पाण्यात आजोबांचे पापुद्रे निघतात. बापरे. मग थंडच."

"चोळायचं नाही, ब्रश नाही. नुसतं बुडवायचं आणि वर काढायचं. आणि लोकांना फार खोड असते म्हणून सांगतो, पिळायचं नाही."

"बुडवायचं, वर काढायचं. आजोबांना पिळायचं नाही."

"दोरीवर सावलीत टाकायचं, चिमटे खालच्या बाजूने. इस्त्री करताना चेहऱ्यावर आधी फडकं टाकायचं, मग वरून फिरवायची."

"आजोबांना दोरीवर टाकायचं, चिमटे खालून. तोंडावर फडकं, मग इस्त्री."

"शाब्बास," मी म्हणालो. मन अगदी भरून आलं. इतकं एका दमात कोणी म्हणत नाही.

"आणि त्यांना पत्ता लागू द्यायचा नाही," तिने आपल्या मनाने पुढे जोडलं. "रविवारी सगळे जमले की एकदमच उरकू."

मी समाधानाने फोन ठेवला. मी दुकानात होतो, मला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या. पण सूनबाईच्या घरी आजोबा त्या दिवशी फिरायला निघाले ते छत्री विसरली म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आले होते, आणि शेजारच्या खोलीत बूट काढत बसले होते. त्यांना एकच बाजू ऐकू आली.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. संध्याकाळी दुकानात एक फोन आला. मी दुकानाचं नाव सांगितलं, "बोला" म्हणालो, तर पलीकडे नुसता श्वास. बराच वेळ श्वास ऐकवून त्या माणसाने फोन ठेवला. मला वाटलं, मंडळाचे अध्यक्ष असतील.

त्यानंतर दोनेक दिवसांनी सूनबाईचा फोन आला, तो कुजबुजतच.

"तुम्हाला फोन करायचं खरं कारण नाही," ती म्हणाली, "पण रविवारचं सगळं रद्द करावं लागेल बहुतेक. आजोबांचं काहीतरी बिनसलंय."

"काय झालं?"

"आंघोळीला जात नाहीत. न्हाणीघरात कोणी बादली भरली की गच्चीवर जाऊन उभे राहतात. खोलीची कडी आतून लावून झोपतात. माझ्या हातचं काही खात नाहीत, स्वतः केळी आणतात आणि स्वतः सोलतात. काल मला विचारलं, रविवारी कोण कोण येणार आहे? मी म्हटलं, कोणी नाही. तर नुसती मान हलवली आणि बॅग भरायला घेतली. म्हणे बहिणीकडे जाऊन राहतो." तिचा आवाज चिरकला. "लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांनी मला कधी परकं मानलं नाही हो. माझं काय चुकलं तेही सांगत नाहीत. आणि त्यात घरातली इस्त्री सापडत नाही."

"काय सापडत नाही?"

"इस्त्री. आणि कपड्यांचे चिमटे."

मी हातातलं बिस्कीट खाली ठेवलं. इस्त्री, चिमटे, बादली. हे सगळं एकाच माणसाच्या तोंडून एकत्र निघतं आणि तो माणूस मी. एक सुखी घर माझ्या पाठांतराने मोडायला आलं होतं. मंडळाचा शर्ट निदान परत छापून देता आला होता.

"ताई," मी म्हणालो, "परवा तुम्ही मला फोन केलात तेव्हा घरात..."

एवढ्यात दुकानाचं दार ढकललं गेलं आणि दारात आजोबा उभे राहिले.

मी तो चेहरा कुठेही ओळखला असता. त्याच्या कपाळावरच्या आठ्या मी स्वतः पडद्यावर मोठ्या करून तपासल्या होत्या. शिवाय ओळख पटवायला लांब जायची गरज नव्हती, कारण दुकानात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरीवर त्यांचेच चेहरे टांगलेले होते, लहान, मोठे, बाळाच्या मापाचेसुद्धा. मी फोन ठेवला. आजोबा दारातल्या पायपुसण्यावर बूट घासत होते आणि त्यांच्या चष्म्यावर बाहेरची झिमझिम बसली होती. त्यांनी चष्मा काढला आणि रुमालाने पुसायला घेतला. त्या तेवढ्या वेळात बायकोने शांतपणे कपाटातली चादर काढली, दोरीवरून ओढली आणि सगळे आजोबा झाकून टाकले. राहिला एक, मशीनवर नुकताच मांडलेला. तिने वरून झाकण पाडलं.

आजोबांनी चष्मा घातला. काउंटरपाशी आले. हातातली पिशवी जड होती, ती त्यांनी खाली ठेवली तेव्हा ठण्ण असा आवाज झाला.

"आपण काय करता?" त्यांनी विचारलं.

"छपाई."

"कशावर?"

"कपड्यांवर."

"माणसांवर काही करता?"

"नाही नाही. माणसांवर काही नाही."

"परवा दुपारी आमच्या घरातून आपल्याला फोन आला होता. शेवटचा नंबर मी लावून पाहिलाय. त्या फोनवर आपण काही सूचना दिल्यात." आणि त्यांनी त्या सगळ्या म्हणून दाखवल्या. पाणी, बाजू, बुडवणं, चिमटे, फडकं, इस्त्री, अगदी ओळीने. एवढं बिनचूक पाठांतर आजवर एकाही गिऱ्हाइकाचं झालं नव्हतं. घाम फुटलेल्या अवस्थेतही मला क्षणभर कौतुक वाटलं.

"आता मला सांगा," ते म्हणाले, "हे आजोबा कोण?"

खरं सांगावं तर सूनबाईचा बेत फुटणार. न सांगावं तर हा माणूस इथून थेट बहिणीकडे जाणार. मी दोन्हीच्या मधलं काहीतरी शोधायला गेलो आणि माझ्या तोंडून जे निघालं त्याला मी आजही जबाबदार नाही.

"आजोबा हे एका कापडाचं नाव आहे," मी म्हणालो.

"कापडाचं."

"हो. जुनं, मऊ, जरा आटलेलं. धंद्यात आम्ही त्याला आजोबा म्हणतो."

"कापडाला तोंड असतं?"

"पुढची बाजू. तिला तोंड म्हणतात."

"आणि पत्ता लागू द्यायचा नाही, तो कोणाला?"

"कापडाला."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या फोटोत ते खरोखर हसत होते, हे मला तेव्हा पटलं.

"कापडाला पत्ता लागू द्यायचा नाही," ते म्हणाले.

"फार नाजूक कापड आहे."

याच वेळी मशीन ओरडायला लागलं. वेळ झाली की त्याचं झाकण उचलावं लागतं, नाहीतर खालचं जळायला लागतं. पण झाकण उचललं की खाली आजोबा. बायको माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे, आणि मशीन टीं टीं टीं करत होतं. आजोबांनी नाक वर केलं. जळणाऱ्या वस्तूंचा वास ओळखण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्यासमोर मी उगाचच दोन वेळा शिंकून दाखवलं.

"सुती," आजोबा म्हणाले. "सुती कापड जळतंय. आणि वर काहीतरी प्लास्टिकसारखं."

झाकणाच्या कडेतून धूर यायला लागला. बायकोने मोठा श्वास घेतला आणि झाकण उचललं. आजोबा मशीनपाशी गेले आणि वाकून बघत राहिले. खालून त्यांच्याकडे तेच बघत होते, पावासारखे खरपूस झालेले.

मी डोळे मिटले. मग बायकोचा आवाज ऐकू आला, एखाद्याला बसचा नंबर सांगावा तसा.

"आजोबा, रविवारी तुमचा वाढदिवस. घरच्यांनी तुमचा फोटो शर्टांवर छापून घेतलाय. तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं. हे शर्ट कसे धुवायचे, ते तुमच्या सुनेला ह्यांनी फोनवर सांगितलं. बसा, पाणी देते."

मी इतका वेळ जे करत होतो ते एवढ्यात आटपलं. तिने चादरही बाजूला केली. आजोबा स्टुलावर बसले आणि दोरीवरच्या आपल्या चेहऱ्यांकडे एकेक करून बघायला लागले. बाळाच्या मापाच्या शर्टापाशी त्यांची नजर थांबली. पाणी प्यायले. चष्मा परत काढला, पण या वेळी तो पुसला नाही.

"मला वाटलं, मी त्यांना नकोसा झालो," ते म्हणाले. "माणसं थकतात हो म्हाताऱ्यांना. मी कामावर असताना पाहिलंय, काय काय करतात ते."

मग वाकून त्यांनी पिशवीतून इस्त्री काढली आणि काउंटरवर ठेवली. तिच्या शेजारी चिमट्यांचा डबा ठेवला. "पुरावा म्हणून आणलं होतं," ते म्हणाले. "आता हे घरी परत कसं नेऊ?"

"न्या की, त्यात काय?" बायको म्हणाली.

"तसं नाही. ती मुलगी माझ्या चष्म्याची काच रोज सकाळी पुसून ठेवते. आणि मी तिच्याबद्दल मनात काय आणलं? तिला हे कळलं तर मी तिच्यासमोर उभा कसा राहू?" त्यांनी माझा हात धरला. "तिला कळता कामा नये. मी सगळं विसरल्यासारखं करतो. रविवारी मला काही माहीत नव्हतं असं दाखवतो. तुम्ही शब्द द्या."

मी शब्द दिला. देताना बरं वाटलं. पुढच्या अडचणी नंतर लक्षात आल्या.

पहिली अडचण अशी, की आजोबांना आश्चर्य वाटल्याचं दाखवता येत नव्हतं. चेहरा हलू द्यायचा नाही, हीच त्यांची आयुष्यभराची सवय. आम्ही दुकानातच तालीम करून पाहिली. मी दारामागून बाहेर उडी मारली, तर ते म्हणाले, "हं." परत मारली, तर म्हणाले, "तुमचा गुडघा वाजतोय." शेवटी आम्ही ठरवलं, की दोन्ही हात वर करायचे, 'अरे वा' म्हणायचं आणि थांबायचं. त्यापुढे काही करायला जायचं नाही.

दुसरी अडचण म्हणजे फोन. रविवारपर्यंत मला दोन्हीकडून फोन येत राहिले. कोपऱ्यावर जाऊन आजोबा विचारत, "'अरे वा'मधला 'वा' लांबवू का?" मी म्हणे, "थोडा." तो ठेवला की सूनबाईचा यायचा.

"अहो, आजोबा आंघोळ करायला लागले. जेवतातसुद्धा. आणि इस्त्री सोफ्याखाली सापडली."

"हो का?" मी म्हणे. माझा आवाज मलाच ओळखू येत नसे.

"तुम्हाला काही माहीत आहे का यातलं?"

"मला? मला शर्टाशिवाय काय माहीत असणार?"

यावर ती फोनवर खोकल्यासारखं काहीतरी करायची आणि मला वाटायचं, हिला संशय आलाय. ही मला खेळवतेय. हिला कळलं की आजोबा घर सोडणार, आणि शब्द मोडणारा मी. मला जेवण जाईना. एक गिऱ्हाईक पिशवी घेऊन उभं होतं, उभंच होतं, शेवटी तेच म्हणालं, "म्हणून दाखवू का?" मी म्हटलं, "नको, जा."

बायको मात्र निवांत होती. जळक्या शर्टाऐवजी तिने दुसरा छापला, सगळ्या घड्या घातल्या आणि रविवारी ठेवणीतले कपडे घालून तयार झाली. सूनबाईने आम्हा दोघांनाही बोलावलं होतं.

घर नीटनेटकं होतं. बैठकीच्या खोलीत, दारामागे, पडद्यामागे, सोफ्यामागे सगळे दाटीवाटीने उभे होते. मुलगा, सून, पोरं, आजोबांची बहीण, तिच्याकडची माणसं, कडेवरचं बाळ. सगळ्यांच्या छातीवर तो एकच चेहरा. नमुन्याचा शर्ट सूनबाईने स्वतः घातला होता, आणि मी चोरून पाहिलं, छापा जिथल्या तिथे होता. पण त्यात सुख वाटण्याच्या पलीकडे मी गेलो होतो. माझे ओठ आपोआप 'अरे वा, अरे वा' म्हणत होते.

किल्ली फिरली. आजोबा आत आले.

सगळे एकदम ओरडले. आजोबांनी पाहिलं. ठरल्याप्रमाणे दोन्ही हात वर केले. तोंड उघडलं. मी मनात म्हटलं, आता 'अरे वा'. पण 'अरे वा' आलंच नाही. आजोबांनी डोळे मोठे केले, डावा हात छातीवर नेला, दोन पावलं मागे गेले, "अगं आई गं" म्हणाले आणि सोफ्यावर कोसळले.

हे तालमीत नव्हतं.

तालमीत नव्हतं हे त्या खोलीत फक्त मला आणि बायकोला माहीत असणार, आणि ती तर खुर्ची शोधत होती. बाकीचे नुसते उभे होते. सूनबाईने तोंडावर हात दाबला होता आणि तिचे खांदे हलत होते. रडतेय बिचारी, मला वाटलं. मी खिशातून फोन काढला. बायकोने माझी बाही ओढली, "अहो थांबा," म्हणाली, पण अशा वेळी थांबून चालत नाही. मी अँब्युलन्सला पत्ता सांगितला, मजला सांगितला, जिना अरुंद आहे हेही सांगितलं. मग सोफ्यापाशी धावलो आणि आजोबांच्या तोंडावर वारा घालायला लागलो.

"कोणी हलवू नका त्यांना," मी ओरडलो.

आजोबांनी एक डोळा उघडला. "अहो," ते हळूच म्हणाले, "जास्त झालं का?"

मी आणखी जोरात वारा घालायला लागलो. आणि अँब्युलन्सवाले म्हणजे त्याच गल्लीच्या तोंडाशी उभे असल्यासारखे तेवढ्यात येऊन पोचले. दोघेजण स्ट्रेचर घेऊन वर आले, मागून बॅग घेतलेली एक तरुण डॉक्टरीणबाई. दारातून आत पाऊल टाकून ती थबकली. समोर घरभर माणसं आणि प्रत्येकाच्या छातीवरून तोच म्हातारा तिच्याकडे संशयाने बघतोय.

"पेशंट कोण?" तिने विचारलं.

"हे," मी म्हणालो आणि बोट दाखवलं. पण आजोबा एव्हाना उठून बसले होते आणि त्यांच्या अंगावर कोणीतरी त्यांचाच शर्ट चढवत होतं, त्यामुळे ते गर्दीत मिसळून गेले होते. कोणालाही बोट दाखवलं असतं तरी तेच दिसलं असतं. डॉक्टरीणबाईंनी शेवटी चेहरे ताडून खरा माणूस शोधला. नाडी पाहिली, रक्तदाब घेतला, छातीला नळी लावली.

"तुम्हाला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा ठणठणीत आहात." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही जरा बसा बघू."

तिने माझी नाडी धरली आणि तिचा चेहरा बदलला. "ह्यांना आडवं करा," ती म्हणाली. आणलेल्या स्ट्रेचरचा असा उपयोग झाला. मला त्यावर झोपवलं, गळ्याची बटणं सोडली आणि कपाळावर ओल्या रुमालाची घडी ठेवली. वर पाहिलं तर चहूबाजूंनी आजोबाच आजोबा वाकलेले.

त्यातल्या एका आजोबांवर सूनबाईचा चेहरा होता. ती हसत होती. मघाशीही ती हसतच होती, हे मला आता कळलं.

"अहो, घाबरलात कशाला?" ती म्हणाली. "आजोबा गेले चार दिवस आरशासमोर हेच करत होते, खोलीचं दार उघडं टाकून. छातीवर हात न्यायचे, मग पलंगावर पडायचे. आम्ही सगळे आळीपाळीने बघून यायचो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"आजोबा तुमच्या दुकानात आले त्याच संध्याकाळी तुमच्या बायकोने फोन करून सगळं सांगितलं. मी रडत बसलेय हे त्यांना कळलं होतं ना तुमच्याकडून."

आजोबांची मान खाली गेली. ज्याची त्यांना भीती होती तेच झालं होतं, आणि तेही सगळ्यांदेखत. "सूनबाई," ते म्हणाले, "मी तुझ्याबद्दल फार वाईट..."

"आजोबा," ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली, "तुम्ही जे ऐकलंत ते मी ऐकलं असतं ना, तर मी बॅग भरायलासुद्धा थांबले नसते." तिने त्यांच्या नाकावरचा चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत घातला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं खरं, पण कॅमेरा कोणाकडेच नव्हता.

मग सगळ्यांनी केक खाल्ला. अँब्युलन्सवाल्यांनीही खाल्ला. मला उठायची परवानगी नव्हती म्हणून मी आडवाच खाल्ला.

घरी जाताना मला राहवलं नाही.

"आजोबांना माहीत होतं," मी म्हणालो, "सुनेला माहीत होतं, तुला माहीत होतं, त्या पोरांनासुद्धा माहीत होतं. मग मी एकट्यानेच एवढे दिवस जीव कशाला टांगून ठेवला? मला एका शब्दाने सांगता आलं नसतं?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर सुनेला माहीत आहे, हे आजोबांना लगेच कळलं असतं," ती म्हणाली. "तुम्हाला काही सांगितलं, की ते तुमच्या कपाळावर छापून येतं."

मी एका बंद दुकानाच्या काचेसमोर थांबून पाहिलं. कपाळावर काही छापलेलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी ठेवलेली रुमालाची घडी तेवढी अजून तिथेच चिकटलेली होती, आणि इतकी माणसं समोरून गेली, पण मला ते कोणीच सांगितलं नव्हतं.